कुत्रा गेला म्हणून रडलो तर धम्म बुडत नाही

मा. संपादक,
सप्रेम जयभीम.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या कॉलममधे एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. बऱ्याच लोकांनी वाचलं असावं, कारण आमच्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर चहा येईपर्यंत त्याच्यावरच चर्चा चालली. त्यांचं म्हणणं असं की आजकाल लोक कुत्र्या-मांजरांचे श्रद्धांजलीचे फोटो स्टेटसला ठेवतात, कोणी कोणी तर चौकात बॅनर लावतात, अन् आपले बौद्ध लोकही त्यात मागे नाहीत, ज्या बुद्धाने सगळं अनित्य आहे म्हणून सांगितलं त्याचे अनुयायी कुत्र्यासाठी रडत बसतात आणि बाबासाहेबांनी ज्या कर्मकांडातून बाहेर काढलं त्यातच परत शिरतात. पत्र खोचक होतं पण वाईट मनाने लिहिलेलं नव्हतं, अन् त्यातलं अर्धं मला पटलं पण. राहिलेल्या अर्ध्यासाठी हे लिहितेय. लांबलंय थोडं, कापायचं असेल तर कापा, फक्त जातकाचा (बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या गोष्टींचा) भाग तेवढा ठेवा प्लीज.

आमचा भुऱ्या गेल्या उन्हाळ्यात गेला. जात विचारणाऱ्यांना (आपल्याकडे कुत्र्याची पण विचारतात बाप्पा) मी गावरानी म्हणून सांगायची. एका पावसाळ्यात पिल्लू असताना गेटखाली येऊन बसला तो तिथलाच झाला, आधी गेटवर, मग वऱ्हांड्यात, मग कूलरसमोर. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घरातली सगळ्यात चांगली जागा कूलरसमोरची असते, ती आमच्याकडे भुऱ्याची होती आणि पाहुण्यांनी सरकून बसायचं अशी पद्धत होती.

म्हातारा झालाच होता. पाणी खूप प्यायला लागला, जेवण सोडलं, तोंडाला वेगळाच वास यायला लागला, मग उलट्या. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन खूप वाढलेलं, किडनी गेलेली. डॉक्टरांनी सलाईन सुरू केलं अन् रोज गाडीत घालून न्यायला नको म्हणून घरी कसं लावायचं ते शिकवलं. खिडकीच्या ग्रीलला कपड्याचा हँगर, हँगरला बाटली, खाली ओल्या बारदान्यावर भुऱ्या, अन् सुई हलू नये म्हणून त्याचा पंजा धरून माझ्या सासूबाई. त्यांना कुत्रे आवडत नाहीत, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात. पंजा धरून बसायच्या अन् म्हणायच्या, "जीव लावला का मंग असंच होते."

शेवटी त्याला उभं राहता येईना, वेदना औषधाने थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी झोपेच्या इंजेक्शनचं विचारलं. मिस्टर लगेच हो म्हणाले. मी दोन रात्री अडून बसले कारण रोज सकाळी ‘पाणातिपाता वेरमणी’, म्हणजे जीव घेणार नाही, असं म्हणणारी बाई मी, आणि सही मला करायची होती. मग केली सही. आजही तशीच वेळ आली तर करीन, पण ते सोपं होतं असं कोणी म्हणू नये.

पुढच्या रविवारी विहारात पंचशील घेताना पहिल्याच शीलाला माझा आवाज बसला. नंतर भन्तेजींना बाजूला गाठून सगळं सांगितलं. मला वाटत होतं ते म्हणतील की ताई तुम्ही त्याला मुक्त केलं, करुणाच केली, लोक म्हणतात तसं. ते तसं काही बोलले नाहीत. म्हणाले, जे केलं तो प्राणातिपातच आहे, त्याला दुसरं गोड नाव देऊ नका, मात्र बुद्धाने चेतनेलाच, म्हणजे मनातल्या हेतूलाच, कर्म म्हटलंय, तेव्हा त्या घडीला मनात काय होतं ते तुमचं तुम्ही बसून बघा, त्याचं दुःख थांबवायचं होतं की ते बघत बसण्याचं तुमचं. एवढंच. मी आधी नाराज झाले खरं सांगते. पण घरी येऊन बघत बसले तेव्हा दोन्ही दिसलं, त्याचं पण आणि माझं पण, साधारण किती वाटा कशाचा ते पण. अन् विचित्र गोष्ट अशी की कोणी "तुझी काही चूक नाही गं" म्हटल्याने जे होत नव्हतं ते याने झालं, रात्री झोप लागायला लागली. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, पण फरक केलाय, भिक्खूने माणूस मारला तर पाराजिक म्हणजे संघातून कायमचा बाहेर, जनावर मारलं तर पाचित्तिय, म्हणजे दुसऱ्या भिक्खूपुढे बोलून दाखवायचं आणि पुढे सुधारायचं. आपण काही भिक्खू नाही, पण दुसऱ्यापुढे बोलून दाखवणे ही गोष्ट मला तेव्हा कळली की काय कामाची आहे. आमच्याच विहारात एक ताई आहेत त्यांनी त्यांच्या मांजरीला इंजेक्शन दिलं नाही, शेवटपर्यंत बसून राहिल्या. आम्ही दोघी एकमेकींशी सहमत नाही अन् शेजारी शेजारी बसून पंचशील म्हणतो.

आता त्या पत्रातल्या अनित्यतेबद्दल. भुऱ्या गेल्यावर मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य हेच, "अनित्य आहे न सगळं, कायले रडतेस." बोलणारे चांगलेच लोक. पण खरं सांगा, समोरच्याचं रडणं आपल्याला बघवत नाही म्हणून आपण हे म्हणतो की त्याला धम्म शिकवायचा म्हणून? अनित्यता ही ज्याचं दुःख आहे त्याने स्वतः बघायची गोष्ट आहे, दुसऱ्याच्या तोंडावर लावायची पट्टी नव्हे.

आणि जातकात तर हा वाद भुऱ्याच्या कितीतरी आधी होऊन गेलाय. मिगपोतक जातक म्हणून आहे, ३७२ नंबरचं. हिमालयात एक तापस राहायचा, त्याने आई मेलेलं एक हरणाचं पाडस आणून वाढवलं. पाडस एक दिवस गवत खाऊन खाऊन अजीर्ण होऊन मेलं, अन् तापस "माझा पोरगा गेला" म्हणत रडत बसला. सक्क म्हणजे देवांचा राजा वरून बघतो, खाली येऊन त्याला टोकतो की अरे तू घरदार सोडलेला श्रमण, मेलेल्यासाठी रडणं तुला शोभतं का. आमच्या पत्रलेखक काकांसारखाच. त्यावर तापस जे उत्तर देतो ते मी वहीत लिहून ठेवलंय:

संवासेन हवे सक्क, मनुस्सस्स मिगस्स वा ।
हदये जायते पेमं, न तं सक्का असोचितुं ॥

सोबत राहिलं की, माणूस असो नाहीतर जनावर, काळजात प्रेम उपजतंच, त्याचा शोक न करणं जमत नाही. बघा, माणूस ‘वा’ जनावर, दोघं एकाच ओळीत. हे कुठल्या आजच्या प्राणीप्रेमी ग्रुपवर लिहिलेलं नाही, पाली वाङ्मयात आहे.

आता मी अर्धीच गोष्ट सांगितली असं कोणी म्हणू नये म्हणून पुढचं पण सांगते. सक्क मग म्हणतो की रडून मेलेला उठत असता तर आपण सगळ्यांनी जमून एकमेकांच्या नातेवाइकांसाठी रडलो असतो. आणि तापस शांत होतो, म्हणतो तू माझ्या काळजातला बाण काढलास, तूप ओतलेल्या आगीवर पाणी टाकलंस. म्हणजे शोकातून बाहेर यायचंच आहे, त्याबद्दल बुद्धाचं काही दुमत नाही. ही गोष्ट पण त्यांनी सांगितली ती जेतवनात, आपला तरुण सामणेर (शिकाऊ भिक्खू) वारल्यावर रडणाऱ्या एका म्हाताऱ्या भिक्खूच्या निमित्ताने. पण क्रम बघा न, आधी तापसाला बोलू दिलंय, प्रेम होतं म्हणून दुःख झालं हे त्याचं म्हणणं कोणी खोडून काढलं नाही, बाण निघाला तो त्यानंतर. आपण बाण आहे हेच मानायला तयार नसतो.

बाणावरून ते दोन बाणांचं सुत्त आठवलं, संयुत्त निकायातलं, ज्यांनी शिबिरं केलीत त्यांना माहीत असेल. पहिला बाण लागतो तो लागतोच, दुखतंच, न शिकलेला माणूस त्याच्यावर दुसरा बाण स्वतःच मारून घेतो. माझा दुसरा बाण असा होता की आधी का नाही नेलं दवाखान्यात, पाणी जास्त पितोय हे दिसत होतं तर उन्हाळ्यावर का ढकललं. दिवसातून शंभर वेळा तीच रीळ. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं साधारण ७५ टक्के काम आधीच गेलेलं असतं, कुत्रं तोवर शेपटी हलवत हिंडत असतं, बाहेरून कळतच नाही. ही माहिती मी इथे मुद्दाम लिहितेय कारण ज्यांच्याकडे म्हातारं कुत्रं किंवा मांजर आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी रक्त-लघवी तपासून घ्यावी, आणि ज्यांचं गेलंय त्यांनी स्वतःला कुरतडू नये. पण माहिती मिळाली म्हणून रीळ थांबली का, नाही थांबली. माहिती डोक्याला कळते.

मग मी केलं काय, तर सकाळी त्याला फिरवायला न्यायची जी वेळ होती, साडेपाचची, त्याच वेळेला आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान. दुसऱ्या वेळेला बसून बघितलं, उपयोग नव्हता, कारण मन साडेपाचलाच भुंकायचं. गेटजवळ साखळी लटकलेली, ती दिसू नये म्हणून मिस्टरांनी काढून ठेवली होती, मी परत तिथेच लावायला सांगितली. बसायचं, श्वास बघायचा, आठवण आली की शरीरात कुठे काय होतंय ते बघायचं. माझ्या घशात यायचं, गिळता येणार नाही असा गोळा, अन् मग छातीत डाव्या बाजूला जडपणा. आला, वाढला, राहिला, उतरला. परत आला. काही दिवस नुसतं डोळ्यातून पाणीच, ते पण चालू द्यायचं, पुसायला हात नाही उचलायचा. यात काही चमत्कार नाही झाला, पण एक कळलं की ‘दुःख’ म्हणून जे दिवसभराचं एक मोठं ओझं वाटत होतं ते असं सलग नसतंच, लाटेने येतं अन् मधल्या वेळात आपण चक्क भाजी निवडत असतो, फोनवर हसत पण असतो, आणि हसलो म्हणून लगेच अपराधी वाटून घेतो. अनित्य ते हे. भुऱ्या अनित्य होता हे तर सासूबाई पण सांगत होत्या, माझं रडणं पण अनित्य आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एक सावधगिरीचं बोलते. नागपूरजवळ माहूरझरीला धम्मनाग विपश्यना केंद्र आहे, तिथला १० दिवसांचा कोर्स मी फार आधी केलेला, म्हणून मला घरी जमलं. ज्यांनी कधीच ध्यान केलं नाही त्यांनी दुःख ताजं असताना एकदम १० दिवस मौनात जाऊन बसू नये असं माझं मत आहे. सकाळी थोडा वेळ श्वास, संध्याकाळी वंदना, बस. आणि झोप-जेवण सुटलं, जगण्यात काही अर्थ नाही असं वाटायला लागलं तर सरळ डॉक्टर, त्यात धम्म आड येत नाही.

मैत्री भावनेचं, म्हणजे दुसऱ्याचं भलं चिंतण्याच्या ध्यानाचं, पण सांगते कारण तिथे मला एक नवीन गोष्ट कळली. आपल्या नागपुरात मैत्री भावना पाच टप्प्यात शिकवतात, आधी स्वतः, मग जवळचा मित्र, मग ना आवडता ना नावडता असा माणूस, मग ज्याच्याशी पटत नाही तो, आणि मग सगळे. मी ‘मित्र’ म्हणून भुऱ्यालाच घेतलं. दोन मिनिटात मैत्री राहायची बाजूला अन् नुसतं हुंदके. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या की गेलेल्या जीवावर मैत्री भावना करत नाहीत, विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात आचार्य बुद्धघोषांनी स्पष्ट लिहिलंय, ध्यान लागतच नाही, एका तरुण भिक्खूची गोष्टच आहे तिथे की आचार्यांवर मैत्री करत होता, चित्त एकाग्र होईना, मग कळलं की आचार्य वारलेत. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की दीड हजार वर्षांपूर्वी पण कोणाचं तरी असंच अडलं होतं. मग ताईंच्या सांगण्यावरून मित्राच्या जागी जिवंत मैत्रीण घेतली आणि तटस्थच्या जागी आमच्या चौकातल्या पानठेल्यावरचा काळा कुत्रा घेतला, ज्याच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. महिन्याभरात तो तटस्थ राहिला नाही, ते वेगळं.

किसा गोतमीची गोष्ट तर सगळ्यांनाच माहीत आहे, मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी, अन् बुद्ध तिला म्हणतात ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण. ही गोष्ट आपण नेहमी शेवटावरून सांगतो, मृत्यू सगळ्यांना आहे म्हणून. मला आता वाटतं की खरं औषध ते दारोदार फिरणंच होतं. बुद्ध तिला तिथल्या तिथे पण सांगू शकले असते की बाई मेलेलं उठत नाही. नाही सांगितलं. तिला लोकांच्या दारात पाठवलं, अन् प्रत्येक दारात कोणीतरी आपलं गेलेलं माणूस सांगितलं असेल न तिला.

आमच्या गल्लीत मला हे असंच झालं, न मागता. भुऱ्या दिसत नाही म्हणून जो तो विचारायचा, मी सांगायची, अन् मग समोरचा सुरू व्हायचा. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले शेजारचे काका, कधी जयभीमच्या पुढे बोलत नाहीत. ते उभे राहिले गेटला धरून अन् भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावातल्या बैलाचं सांगायला लागले. बापाने दुष्काळात बाजारात नेऊन विकला, हे तेव्हा शाळेत, बैल विकत घेणाऱ्याच्या मागे जाईना, मागे वळून वळून पाहे, म्हणे. पोळा आला का आजही त्यादिवशी जेवण गोड लागत नाही, पुरणपोळी पानात तशीच राहते. साठ वर्षं झाली असतील या गोष्टीला, काकूंना पण माहीत नव्हती. भाजीवालीने बकरीचं सांगितलं, ऑटोवाल्या दादाने पोपटाचं. काकांच्या बैलासाठी कोणी त्यांना रडू दिलं नसणार, बापाच्या डोक्यावर कर्ज होतं, कोण विचारतो पोराला. पत्रलेखक काकांना माझी विनंती आहे की त्यांनी पण जरा आपल्या लहानपणाकडे बघावं, एखादा बैल निघेल.

आता कर्मकांडाचं, जिथे मी त्यांच्याशी सहमत आहे. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेत दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधे सहावी श्राद्ध-पिंडदान न करण्याची आहे आणि तेरावी प्राणिमात्रांवर दया करण्याची, त्यांचं लालनपालन करण्याची. दोन्ही एकाच दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच शहरात घेतल्यात. तेव्हा तेरावीच्या नावाने सहावी मोडायची नाही हे मला मान्यच आहे. कुत्र्याचं तेरावं, कुत्र्याच्या नावाने गावजेवण, बॅनर, हार घातलेला फोटो बुद्ध-बाबासाहेबांच्या बाजूला, हे मला पण पटत नाही. आमच्याकडे फोटोवरून वाद झालाच. पोरीला फोटो वंदनेच्या जागेत हवा होता, सासूबाई म्हणाल्या अजिबात नाही, शेवटी चपलांच्या रॅकच्या वर लागला. तिथेच तो चपला चावायचा, त्यामुळे सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं.

भुऱ्याला आम्ही कळमेश्वरच्या बाजूला नणंदेच्या शेतात पुरलं. मे महिन्यातली काळी माती म्हणजे दगड, आधी पाणी सोडलं, मग गैती अन् सब्बल, कमरेइतका खड्डा होईपर्यंत सगळे घामाने ओले. उथळ खड्डा केला तर दुसरी कुत्री उकरतात. प्लॅस्टिकमधे गुंडाळायचं नाही, सुती चादरीत, वरून चुना अन् माती. त्रिशरण, पंचशील, करणीय मेत्त सुत्त म्हटलं, संपलं. भन्तेजींना बोलावलं नाही, माणूस गेल्यावर करतात तसं जलदान केलं नाही. पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्याच्या नावाने पुण्य वाटणं, मात्र केलं, ते पण असं की त्याच्या उरलेल्या सलाईनच्या बाटल्या, न फोडलेली औषधं जिथे कामी येतील तिथे दिली, आणि पानठेल्यावरच्या त्या काळ्यासकट गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतली. दुसऱ्या देशांत वेगळं असेल. तिबेटी परंपरेत मेल्यानंतरचे ४९ दिवस मानतात, जपानमधे मंदिरात पाळीव प्राण्यांचे रीतसर स्मरणविधी होतात, चिबा प्रांतातल्या कोफुकुजी मंदिरात तर सोनी कंपनीच्या आयबो नावाच्या रोबो कुत्र्यांचे पण झालेत, भिक्खू बसून सुत्त म्हणताहेत अन् समोर प्लॅस्टिकची कुत्री ओळीने मांडलेली. हसू येतं, पण मशीन दुरुस्त होत नाही म्हटल्यावर ती आणून देणारे म्हातारेकोतारे रडत होते हे पण खरं. आपल्याला ते सगळं करायची गरज नाही. आणि ज्यांना वाटतं की कुत्र्याची माया ही आपल्या चळवळीत न बसणारी चैन आहे, त्यांनी बाबासाहेबांच्या दादरच्या घरातला, राजगृहावरचा १९३४ चा तो प्रसिद्ध फोटो परत बघावा, बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, सगळं कुटुंब आहे, आणि त्यात टॉबी पण आहे, बाबासाहेबांचा लाडका कुत्रा.

पोरगी सातवीत आहे. तिने विचारलं की भुऱ्या आता कुठे आहे. आमच्या घरात ‘देवाघरी गेला’ म्हणत नाहीत, व्हॉट्सॲपवर मैत्रिणींनी पाठवलेलं इंद्रधनुष्याच्या पुलापलीकडे तो वाट बघतोय वगैरे पण मी तिला वाचून दाखवलं नाही, कारण तो वाट बघत नाहीये, आणि बघत असेल अशी कल्पना पोराच्या डोक्यात घालणं मला क्रूर वाटतं. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मधे जे मांडलंय तेच तिला तिच्या भाषेत सांगितलं, की शरीर पृथ्वी, आप, तेज, वायू या चार गोष्टींचं असतं, मेल्यावर त्या त्या गोष्टी आपापल्या ढिगात परत जातात, आत्मा म्हणून एक वेगळी वस्तू उडून जात नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आत्याच्या तुरीत?" मी म्हटलं, हो, थोडा तुरीत. तिला ते चाललं. आपल्याला वाटतं पोरांना खरं झेपत नाही, पण ‘कुठेतरी लांब गेलाय’ म्हणून सांगितलेली पोरं वर्षभर गेटकडे बघत बसतात, आमच्याच नात्यात उदाहरण आहे.

राहता राहिलं ते आपल्या शहराचं. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशी दोन्ही चिकित्सा केल्याचं कोरलेलं आहे. तेवढं लांब जायला नको, चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकला सापडलेला ब्राह्मी शिलालेख, ज्यात प्राण्यांना पकडायला अन् मारायला मनाई केलीय, तो आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात आहे. शाळेच्या सहली तिथे वाघ-हत्ती बघून निघून जातात. या परंपरेच्या शहरात, जिथे पशुवैद्यकीय कॉलेज आहे, जनावरांचं आख्खं विद्यापीठ आहे, तिथे जीव गेल्यावर त्याला न्यायचं कुठे यासाठी लोकांनी रात्री नातेवाइकांना फोन करत बसावं हे बरं नाही. आमच्याकडे नणंदेचं शेत होतं, फ्लॅटमधे राहणाऱ्यांनी काय करायचं? मी ऐकलेल्या गोष्टी इथे लिहिण्यासारख्या नाहीत, रात्रीच्या अंधारात नाल्यापर्यंतच्या आहेत. प्रत्येक झोनमधे एक खूण केलेली जागा, खड्डा करून देणारा माणूस, वाजवी फी अन् हातात पावती, एवढंच मागणं आहे. स्मारक नको, हॉल नको.

संपादक साहेब, तुमच्याकडून एकच हवंय. तुम्ही रोज कुठला दवाखाना कुठे, कुठल्या भागात पाणी नाही हे छापता, तसं एक छोटं चौकोन या विषयावर छापा, पाळीव जनावर मेलं तर शहरात कोणाला फोन करायचा, नंबर चालू आहे का ते तुमच्या पोरांना लावून बघायला सांगून. छापलं तर त्याचं कात्रण आमच्या विहाराच्या नोटीस बोर्डावर लावायचं काम माझं, बाकीच्या विहारांत पोचवायला आमच्या महिला मंडळाच्या बाया आहेतच, त्यांना एक शब्द टाकायची खोटी.

आपली,
एक वाचक
बेझनबाग, नागपूर